सेवेत आहे, पण स्वतःसाठी प्रार्थना होत नाही

मोहरीचा दाणा

हे या मंचावर टोपणनावाने लिहू की नको, यात बरेच दिवस गेले. मी पाळक आहे, पूर्णवेळ सेवेत. कुठल्या मंडळीत ते विचारू नका, आणि कुणी ओळखलंच तर कृपा करून गप्प राहा.

अडचण अशी की दुसऱ्यांसाठी प्रार्थना करताना मला शब्द सापडतात. आजाऱ्याच्या उशाशी, लग्नात, कबरीपाशी, कुठेही. लोक म्हणतात, पाळकसाहेब, तुमच्या प्रार्थनेने धीर आला. घरी दार लावून एकटा बसलो की मात्र काहीच येत नाही. रुसवा नाही, राग नाही, सगळं रिकामं. देव नाही असं मला वाटत नाही. दुपारी कुणी वाद घालायला आलं तर देवाच्या अस्तित्वावर मी त्याच्याशी तासभर बोलेन. रात्री 'हे बापा' एवढंही म्हणवत नाही.

सुरुवात कुठून झाली ते ठाऊक आहे. मंडळीतल्या एका लहान मुलासाठी सगळ्यांनी उपास केले, रात्र-रात्र प्रार्थनासभा चालल्या. मूल गेलं. दफनविधी मीच केला. पेटी खाली सोडायला दोर धरून चौघे उभे होते, पण काम दोघांचंही नव्हतं, इतकी ती हलकी. नंतर मुलाच्या आजोबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "पाळकसाहेब, देवाची इच्छा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." धीर खरं तर मी त्यांना द्यायचा होता.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा अवस्थेत माणसाने उपदेशाला उभं राहावं का? आणि 'देवावर भिस्त ठेवा' असं आपण येता-जाता सांगतो, ते प्रत्यक्षात करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? वचनं पाठवू नका. ती मला पाठ आहेत, तीच मी इतरांना पाठवतो.

खडकावर

पाळकसाहेब, राग मानू नका, मी सरळ बोलणारा माणूस. वचन नको म्हणालात तरी एक टाकतोच. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे: संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, त्याला प्रभूपासून काही मिळेल असं त्याने समजू नये. मंडळी तुमच्या तोंडाकडे बघते. तिथे उभं राहून जे स्वतःला पटत नाही ते सांगणं म्हणजे ढोंग. थोडे दिवस बाजूला व्हा, विश्वासात स्थिर व्हा, मग या. यात कमीपणा काही नाही.

एम्माऊस

खडकावर, तुम्ही दिलेला उतारा मागच्या-पुढच्या ओळींसकट वाचा. याकोब तिथे ज्ञान मागण्याबद्दल आणि द्विबुद्धीच्या माणसाबद्दल बोलतोय, म्हणजे एक पाय इकडे, एक तिकडे ठेवणाऱ्याबद्दल. धागा काढणाऱ्याचे दोन्ही पाय एकाच दगडावर आहेत, फक्त दगड त्यांना जाणवत नाहीये. आणि नव्या करारात यहूदाचंही पत्र आहे. संशयात असलेल्यांवर दया करा, असं ते सांगतं.

माझं आवडतं वचन मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातलं, 28:17. पुनरुत्थित येशूला डोंगरावर पाहून शिष्यांनी नमन केलं, 'पण कित्येकांस संशय वाटला'. पुढच्याच ओळींत येशू त्यांना सगळ्या राष्ट्रांकडे जायला सांगतो. संशय आलेल्यांना वेगळं काढून 'तुम्ही थांबा' असं म्हटल्याचं मत्तय लिहीत नाही. अख्ख्या ख्रिस्ती सेवेची आज्ञा ज्या अकरा जणांना मिळाली, त्यांत हे होते. यावर उपदेश फार कमी ऐकायला मिळतात. का ते कळत नाही. (कळतं, पण असो.)

मी सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणशाळेत, मंडळीचा इतिहास शिकवतो, म्हणून मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1738 च्या मार्चमध्ये त्याला कळून चुकलं की आपल्याकडे तारणाचा विश्वासच नाही. दीक्षित धर्मगुरू होता, अमेरिकेतल्या जॉर्जियात मिशनरी म्हणून जाऊन हात हलवत परत आला होता. त्याने पीटर ब्योलर नावाच्या, मोरावियन या प्रोटेस्टंट पंथातल्या मित्राला विचारलं, उपदेश सोडून देऊ का? ब्योलर म्हणाला, मुळीच नको. विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचा उपदेश कर, आणि मिळाल्यावर तो मिळाला म्हणून करशीलच. त्याच वर्षी 24 मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत त्याचं हृदय विलक्षण उबदार झालं. ही कथा सगळ्यांना माहीत असते आणि सगळे इथेच थांबतात.

पुढची कमी लोकांना माहीत असते. 1766 मध्ये, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षांनी, त्याने धाकट्या भावाला, चार्ल्सला, पत्र लिहिलं. त्यातल्या नाजूक ओळी लघुलिपीत आहेत. मी देवावर प्रेम करत नाही, कधी केलंच नाही, असा त्यांचा आशय. आणि त्याच पत्रात तो म्हणतो की कामाची तळमळ मात्र कमी न होता वाढतेच आहे. तेव्हा त्याने साठी ओलांडली होती, मेथडिस्ट चळवळ इंग्लंडभर पसरली होती. खडकावरांच्या नियमाने त्याला 1738 मध्येही घरी बसवायला हवं होतं आणि 1766 मध्येही.

खडकावर

वेस्ली म्हणजे वेस्ली. सगळ्यांनी स्वतःला वेस्ली समजू नये. बाकी 28:17 कडे माझं खरंच कधी लक्ष गेलं नव्हतं.

वॉर्डातला

मी रुग्णालयात चॅपलन आहे, म्हणजे रुग्णांची आध्यात्मिक सोबत करणारा सेवक. माझ्या कामात उपदेश जवळजवळ नसतोच. खुर्ची ओढून बसायचं, ऐकायचं, पाणी हवं का विचारायचं.

एकदा कर्करोगाच्या वॉर्डात एका निवृत्त शिक्षकांनी मला थांबवलं. बायबल उघडून मी नेहमीप्रमाणे 23 वं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ', काढत होतो. ते म्हणाले, "मेंढपाळ नको आज. अठ्ठ्याऐंशी काढा." मी वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत, पण बहुतेकांत शेवटाकडे 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं वळण येतं. 88 मध्ये ते येत नाही. 'माझा जीव क्लेशांनी भरला आहे' इथून निघून स्तोत्र अंधारात जाऊन थांबतं. मी थांबल्यावर शिक्षक डोळे मिटूनच म्हणाले, "बघा, हेही बायबलातच ठेवलंय. कुणी काढून टाकलं नाही." आणि झोपले. मी बायबल मिटलं तेव्हा सलाइनच्या नळीवर त्यांचं बोट ताल धरून हलत होतं, भजनाला हलतं तसं.

पाळकसाहेब, तुम्हाला एकट्याला स्वतःचे शब्द सापडत नाहीत ना? मग स्वतःचे वापरू नका. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याच्यासाठीच दीडशे स्तोत्रं आधी लिहून ठेवलीत. मी कित्येक रात्री एकच स्तोत्र वाचून दिवा मालवतो, त्यात माझं असं काही घालत नाही.

आणि एलीया संदेष्टा आठवा. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवलेला माणूस दुसऱ्याच अध्यायात झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणतो. देवदूत त्याला विश्वासावर धडा देत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. झोप लागते का तुम्हाला? डॉक्टरला दाखवलंत का? स्पर्जनसारखा उपदेशक आयुष्यभर नैराश्याने ग्रासलेला होता. 1856 मध्ये लंडनच्या सरे गार्डन्स सभागृहात तो बोलत असताना कुणीतरी 'आग, आग' ओरडलं, चेंगराचेंगरीत सात जण मेले. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्या धक्क्यातून तो पुरता कधीच सावरला नाही, आणि हे त्याने आपल्या विद्यार्थ्यांपासून लपवलं नाही. लहान मुलाच्या कबरीपाशी उभं राहिल्यावर जे होतं ते सगळंच अविश्वासाच्या खात्यात टाकू नका.

मोहरीचा दाणा

झोप नाही लागत. डॉक्टरकडे गेलो नाही. पाळक डॉक्टरकडे कशासाठी गेला हे दुसऱ्या दिवशी मंडळीत कळतं.

हिशेबनीस

मी दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. आमच्या मंडळीचा खजिनदार आहे, त्यामुळे 'देव पुरवील' हे वाक्य माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं. छपराचं काम काढा, देव पुरवील. पाळकांचा भविष्यनिर्वाह निधी या वर्षी राहू द्या, देव पुरवील. म्हणजे पुरवायचं देवाने, आणि पुरलं नाही की पाळकाच्या बायकोने घरात काटकसर करायची.

अशा वेळी हमखास जॉर्ज म्युलरचं नाव निघतं. ब्रिस्टलला त्याने दहा हजारांवर अनाथ मुलं सांभाळली आणि कुणापुढे हात पसरला नाही. खरं आहे. पण ही गोष्ट सांगणाऱ्यांनी त्याच्या हिशेबाच्या वह्याही बघाव्यात. तो कर्ज काढत नसे. आलेल्या बारीकसारीक देणग्यांची नोंद करून अहवाल छापत असे. एकदा पैशांची फार ओढ असताना त्याने वार्षिक अहवाल आणि सभा मुद्दाम पुढे ढकलली, कारण त्या वेळी अहवाल काढणं म्हणजे आडून मागणंच झालं असतं. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. हिशेब द्यायची वेळ आली की विश्वास आठवतो, आणि प्रार्थनेच्या विनंतीत रक्कम लिहिलेली असते.

पौलाचं घ्या. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती पोचवायला त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले भाऊ दिले. का? या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. देवावर भिस्त असलेला माणूस साक्षीदार बरोबर घेऊन पैसे पाठवतो, हे मला फार आवडतं.

तंबूवाला

मी दिवसा नोकरी करतो, संध्याकाळी आणि रविवारी सेवा. पौलही तंबू शिवायचा. एक गंमत सांगतो: पगार मंडळीकडून येत नसल्याने मला 'आज माझा विश्वास डळमळीत आहे' असं म्हणता येतं. पूर्णवेळ सेवकाचं घर त्याच्या विश्वासावर चालतं, म्हणून त्याला ते म्हणता येत नाही. मोहरीचा दाणा यांच्या अडचणीतला अर्धा भाग तरी हाच असणार.

पाळकबाई

तंबूवाल्या दादांना अनुमोदन. मी बोलणार नव्हते, पण 'पाळकाच्या बायकोने काटकसर करायची' हे वाचून राहवलं नाही.

विश्वासाने पाऊल टाकलं, असं सांगताना त्या पावलाखाली कोण आलं ते कुणी विचारत नाही. मिशनरी विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालला आला. त्याची बायको डोरोथी आधी यायलाच तयार नव्हती, शेवटच्या घटकेला निघाली. पुढच्या वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला आणि त्यानंतर तिचं मन ताळ्यावर राहिलं नाही. 1807 मध्ये ती वारली. कॅरीची भाषांतरं आपण उपदेशात मोजतो, डोरोथीचं नाव घेत नाही. आपल्या रेव्हरंड टिळकांचंही तेच. कवी, भक्त, मोठा माणूस. 1917 मध्ये मिशनचं काम आणि पगार सोडला. पण हातातला पैसा वाटेत कुणाला तरी देऊन घरी येणाऱ्या माणसाचा संसार कसा करायचा ते लक्ष्मीबाईंना विचारा. त्यांनी ते हसत-हसत लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळलं तरी.

पाळकसाहेब, तुमच्या घरी हे माहीत आहे का? तुम्ही सगळ्या मंडळीचा विचार केलात, पण घरातल्या माणसाचा उल्लेख अख्ख्या लिखाणात नाही. मला तेच खटकलं. आमच्याकडे 'ह्यांना' रात्री झोप लागत नाही हे मला पाठीवरूनच कळतं. तुम्ही लपवताय असं तुम्हाला वाटत असेल, पण ते लपलेलं नसणार.

संध्याप्रार्थना

मी धर्मभगिनी आहे, आता निवृत्त. आमच्या कॅथलिक परंपरेतून दोन शब्द. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातुसपंथीयांशी, म्हणजे डगमगलेल्या धर्मगुरूंना न मानणाऱ्या पंथाशी, याच प्रकारचा वाद झाला होता. छळात डगमगलेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार खरे की खोटे? संत ऑगस्टीन यांनी ठामपणे सांगितलं, बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच, माणसाची योग्यता-अयोग्यता तिथे आड येत नाही. तेव्हा फादर असोत की पाळक, वेदीशी उभं राहताना आज आपल्या आत किती आहे याचं माप घेत बसू नये. लोकांना मिळतं ते आपल्या खिशातून मिळत नाही.

मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आमच्यातल्या कित्येक जणी हादरल्या. सेवा सुरू झाल्यापासून जवळजवळ शेवटापर्यंत, मधला एक छोटासा काळ सोडला तर, त्यांना देव जवळ असल्याची जाणीव अशी झालीच नाही. ती पत्रं जाळून टाकावीत अशी त्यांची इच्छा होती. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी ते कुणाला तरी सांगितलं होतं. येशूसंघाचे फादर जोसेफ नॉयनर पुण्यात ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकवत. 1961 मध्ये त्यांच्याशी बोलल्यावर मदरनी लिहिलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण या अंधारावर प्रेम करू लागलो आहोत. अंधार हटला नाही. त्यात एकट्याने बसणं तेवढं हटलं.

निकदेम

मी तुमच्यातला नाही आता. पूर्वी होतो, सेवेतही होतो. सोडली. वैर नाही कुणाशी, म्हणून वाचत असतो.

एक शंका विचारतो, उद्धटपणा वाटला तर माफ करा. प्रार्थनेला उत्तर आलं तर देव विश्वासू. नाही आलं तर देव विश्वासाची पारख करतोय. देव जवळ वाटला तर कृपा, नाही वाटला तर संतांची अंधारी रात्र. मग देव नसल्यासारखं दिसायला नेमकं काय घडावं लागेल? मिशनरी अ‍ॅडोनिराम जडसनचं नाव इथे अजून कुणी घेतलं नाही. ब्रह्मदेशात पहिला बाप्तिस्मा द्यायला त्याला सहा वर्षं लागली. 1826 मध्ये बायको गेली, सहा महिन्यांनी तान्ही मुलगी. तो रानात झोपडी बांधून राहिला, स्वतःची कबर खणली आणि तिच्या काठावर बसून राही. 1829 मध्ये त्याने लिहिलं की देव माझ्यासाठी महान अज्ञात आहे, माझा त्याच्यावर विश्वास आहे पण तो मला सापडत नाही. पुढे 1834 मध्ये बर्मी बायबलचं भाषांतर पुरं केलं, म्हणून आपण ही गोष्ट 'विजयाची' म्हणून सांगतो. भाषांतर पुरं झालं नसतं तर? कबरीच्या काठावर बसलेला जडसन कुणाच्या उपदेशात आला असता?

एम्माऊस

प्रश्न रास्त आहे. आणि इतिहास शिकवणारा म्हणून कबूल करतो, ज्यांचं काम फळाला आलं त्यांचीच चरित्रं आपण छापतो. जे कबरीच्या काठावरच राहिले त्यांची नावं मिशनच्या जुन्या नोंदवह्यांत असतात, नुसती तारीख आणि 'परत गेले' एवढा शेरा.

मोहरीचा दाणा

निकदेम, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि बनवून देणार नाही. एवढंच सांगतो. त्या मुलाच्या बाबतीत 'विश्वासाची पारख' असं म्हणणारा देव मलाही नको आहे. मी ज्याला धरून आहे तो स्वतः वधस्तंभावर 'माझा त्याग का केलास' असं ओरडला आणि त्यालाही तिथे उत्तर मिळालं नाही. हा युक्तिवाद नव्हे, माहीत आहे. माझ्यापुरतं सांगतो, दुसरीकडे कुठे जायचं म्हटलं तर तो ओरडणारा माझ्याबरोबर येतो.

निकदेम

हे समजू शकतो. पटलं नाही, पण इतकी वर्षं ऐकलेल्यांपेक्षा हे बरं वाटलं. तुम्ही उपदेश सोडू नका असं म्हणणाऱ्यांत माझंही मत धरा, गंमत म्हणजे.

हिशेबनीस

मतमोजणी असेल तर माझंही तेच. पण रजा घ्या. हक्काची असते ती. कमिटीला कारण म्हणून 'प्रकृती' एवढंच लिहा, खोटं नाही ते. आणि डॉक्टर लांबच्या भागातला गाठा, म्हणजे मंडळीत कळण्याचा प्रश्न मिटला.

पाळकबाई

आणि घरी आज सांगा.

मोहरीचा दाणा

पाळकबाई, सांगितलं. काल रात्रीच, तुमचं वाचून. ती म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही मला कंटाळलात." दोघंही बराच वेळ काही बोललो नाही, मग ती बोलत सुटली. तिचं तर माझ्याहून जुनं निघालं. त्या मुलाला ती रविवारच्या शाळेत शिकवायची, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

वॉर्डातला, 88 वं दोघांनी मिळून वाचलं. आता एक विचारतो. सिस्टर म्हणाल्या तसं घराबाहेरही कुणाला तरी सांगायचं, तर माणूस कसा निवडायचा? आमच्या सेवकांच्या बैठकीत हे बोलणं अशक्य आहे, तिथे सगळे विजयाच्या साक्षी देतात.

वॉर्डातला

ज्याच्या हातात तुमची बदली किंवा पगार आहे, तो नको. ज्याला तुमच्या मंडळीतलं कुणी भेटतं, तो नको. ऐकताना ज्याचा हात बायबलकडे जातो, तोही नको. पंथ वेगळा असला तर उत्तम. तुमच्यापेक्षा म्हातारा असला तर आणखी उत्तम, त्याने बरीच प्रेतं पुरलेली असतात. पहिल्या भेटीत त्याला एवढंच विचारायचं, तुमची स्वतःची प्रार्थना कधी थांबली होती का? 'नाही' म्हणाला तर चहा पिऊन निघायचं.

मोहरीचा दाणा

एक आहेत तसे. निवृत्त आहेत, आमच्या पंथाचे नाहीत, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. अडचण एकच, त्यांना ऐकायला फार कमी येतं. हे सगळं ओरडून सांगावं लागणार.

खडकावर

मग तर गुपित राहिलंच म्हणायचं. दारं-खिडक्या लावून घ्या. आणि रजेवर असताना रविवारच्या उपदेशाला माणूस मिळत नसेल तर मला कळवा, मी येईन. 28:17 वर बोलेन म्हणतो. एम्माऊस, तुमच्याकडे काही टिपणं असतील तर पाठवा.